अंगठाभर जागा

त्या वर्षीचे माझे बरेचसे शनिवार बुटांत गेले. माझ्या नव्हे, आईच्या. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर पाच खोकी रचून ठेवली होती. कपडे धुवायला टाकायला गेलं की ती पाचही डोळ्यांत खुपायची. पाच जोड, एक-दोनदा घातलेले, आणि प्रत्येक जोड दुकानात "मस्त बसलाय ग" असं ऐकूनच घेतलेला. घरी आणला, दोन दिवस गेले, की चावायला लागायचा. आई काही बोलायची नाही. तिची जुनी चप्पल पुन्हा दारात दिसली की मी समजायचे, झालं, हाही गेला.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बत्तीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणजे बत्तीस वर्षं ती उभीच होती. बाबा गेल्यावर वर्षभर तिने एकटीने रेटलं. मग शेजारच्या काकूंचा फोन आला की आई चार-चार दिवस खाली उतरत नाही, भाजीची पिशवी दोरीने वर ओढून घेते. गुडघे गेले असणार, असं काकू म्हणाल्या. तिथले डॉक्टर तेच म्हणाले आणि मीही तेच धरून चालले. मी एकुलती एक. रजा टाकली, गेले आणि तिला घेऊन आले. इथे परदेशात, हिल्सबरोच्या आमच्या घरात मी, नवरा आणि पंधरा वर्षांची मुलगी. खालची खोली आईला दिली. ती आता कायमची इथेच राहील, असं मी माझ्या मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कागदपत्रांचं काय ते नंतर बघता येईल, आधी तिचा जीव रमू दे, एवढंच.

आणि पहिला महिना रमला की! मार्चचं ऊन होतं. नऊ वाजता ती पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जॅकेट चढवून बाहेर पडायची आणि उतारावरून खाली कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायची. दूध, ब्रेड, वर्तमानपत्र, लॉटरीचं तिकीट, सगळं मिळणाऱ्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, याची तिला फार गंमत वाटायची. तिथल्या गुजराती बाईंशी हिंदीत चार वाक्यं बोलायची, एक मफिन घेऊन वर यायची आणि संध्याकाळी ती चार वाक्यं मला चाळीस करून सांगायची. एप्रिलमध्ये, इथला हिवाळा जवळ आला तसं, हे थांबलं. आधी म्हणाली थंडी आहे, मग म्हणाली पाऊस आहे, मग काहीच म्हणेना. मी कामावरून यायचे तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची, स्वेटर, शाल, पायात अंगठ्याचे मोजे आणि त्यावर चप्पल. एक दिवस त्याच अवतारात घरामागच्या ओल्या लाकडी डेकवर घसरली. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. पण त्या संध्याकाळी तिने विषय काढला.

"मला परत पाठव. तिकीट सप्टेंबरचं आहे ना, ते अलीकडचं करून घे."

"का? इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही ग. पण मी दिवसभर खिडकीत बसून असते. बसायचंच असेल तर माझी खिडकी काय वाईट आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे ती दोरी आली, तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली, टोकाला पिशवी. मला रागच आला. राग कसला, भीती होती, पण माझ्या तोंडून भीतीसुद्धा रागासारखीच बाहेर पडते. म्हटलं, "तिथे पडलीस तर कोण बघणार आहे? हे बघ, सगळं त्या चपलेमुळे झालंय. तुला नीट बूट आणू. चालायला लागलीस की राहशील ना?"

"बघू," आई म्हणाली.

लहानपणी मी सायकल मागितली होती तेव्हाही ती बघू म्हणाली होती. ती सायकल मी अजून बघते आहे. पण त्या दिवशी मला ते हो असं ऐकायचं होतं, तसं ऐकलं.

मग सुरू झाली आमची वणवण. तुझा नंबर काय, विचारलं तर म्हणाली पाच. कधी मोजलास? "मोजायचं काय त्यात? लग्नात पाचच होता." न्यू लिनच्या मॉलमध्ये पहिला जोड घेतला. तिथे खोकी आपणच काढायची, आपणच घालून बघायचं, विचारायला कुणी नाही, आणि असलंच तर ती मुलगी फोनमध्ये. आईने बाकावर बसून बूट घातला, उठली, तपासणीला साहेब आल्यासारखी ताठ दोन पावलं चालली आणि म्हणाली, "मस्त." मला तर बरंच वाटलं. पार्किंगची वेळ संपत आली होती, मुलीला स्विमिंगवरून आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी टाच सोललेली. दुसरा जोडही तिथलाच, आधीच्यापेक्षा मऊ. तोही चावला. तिसरा ऑनलाइन मागवला, तो चावायच्या आधीच निसटायचा. चौथ्याला हेन्डरसनला गेलो. तिथे साठीची एक नीटस बाई होती, तिने गुडघा टेकून आईचा पाय हातात घ्यायला हात पुढे केला. आईने पाय असा मागे ओढला की खुर्चीच सरकली. "इट इज गुड, इट इज गुड, थँक्यू, थँक्यू." अर्ध्या मिनिटात व्यवहार आटोपला. पाचवाही तिथलाच, त्याच बाईंकडून, आणि तशाच घाईत.

मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "आजी, जस्ट वेअर जँडल्स. स्वीट ॲज." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. जँडल्स म्हणजे रबरी स्लिपर आणि स्वीट ॲज म्हणजे झकास, एवढं आईला एव्हाना ठाऊक झालं होतं. ती मला म्हणाली, "हिला वाटतं मी आंघोळीलाच चाललेय."

पाचवा जोड फळीवर गेला त्या दिवशी माझा तोल सुटला. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार घ्यायचा. आणि इथे आईच्या बुटातली एक चूक सापडेना. शनिवारी सकाळी जरा उशिरापर्यंत झोपावं, एवढी साधी माझी इच्छा उरली होती, तीही कधी पुरी होत नव्हती. मी ओरडलेच, "अगं, दुकानात असताना तुला कळत नाही का चावतोय ते? एवढी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस, स्वतःच्या पायात काय चाललंय ते सांगता येत नाही?"

आईने शाळेतल्या बाईंचा चेहरा केला. मग म्हणाली, "तू दमतेस ग. राहू दे आता."

मी गॅरेजमध्ये जाऊन मशीनमधले कपडे बाहेर काढले आणि तिथेच खोक्यांना टेकून पाच मिनिटं उभी राहिले. नवरा हाका मारत होता, मी ओ दिली नाही.

गुडघ्यांसाठी तिला फिजिओकडे नेलं होतं. त्या तरुण बाईने आईला खोलीत चार येरझाऱ्या घालायला लावल्या आणि म्हणाली, गुडघे या वयाला ठीकच आहेत, मला पायांची काळजी वाटते. चांगलं माप घेणाऱ्या एका दुकानाचा पत्ता तिने लिहून दिला. न्यू लिनलाच होतं ते, पण मॉलमध्ये नव्हे, मागच्या रस्त्यावर, एका टायरवाल्याच्या शेजारी. मी म्हटलं, हे शेवटचं. यानंतर बुटांचं नाव काढायचं नाही, आणि तिला जायचं असेल तर जाऊ दे, माझ्यात आता त्राण नाही. असं म्हटलं खरं. पण गाडी चालवताना सारखं मनात येत होतं, एवढं एक जमू दे रे बाबा.

दुकान एवढंसं. भिंतभर खोकी, मध्ये दोन खुर्च्या, आणि मालकीणबाई. पांढरेशुभ्र केस, गळ्यात दोरीला चष्मा. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाल्या, आईला खुर्चीत बसवलं, चप्पल आणि मोजे काढायला सांगितलं. मोज्यांचा वेगळा अंगठा त्यांना फार आवडला. मग एक मापाची लोखंडी पाटी घेतली, स्टुलाला धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. दोन्ही गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. शेजारच्या फळीवर नमुन्याचं म्हणून एक खोकं काढून ठेवलं होतं, ते अजून बंदच होतं. बाईंनी आईच्या डाव्या पायाला हात लावला मात्र, आई उभीच राहिली.

"गुड, गुड! व्हेरी गुड! थँक्यू मॅडम!" आणि माझ्याकडे वळून, "मस्त बसलाय ग. हाच घेऊ."

बूट खोक्यात होता. आई अनवाणी उभी होती.

मला आधी हसू आलं. "आई, घातला कुठेयस अजून?"

ती दातांवर दात ठेवून पुटपुटली, "आधी त्यांना उठव. माझ्याहून मोठ्या दिसतात. गुडघ्यांवर बसून माझ्या पायाला हात लावतायत, मला कसंतरीच होतंय. उठव म्हणते ना!"

हात् तिच्या! म्हणजे हे होतं. मी बघतच राहिले. हेन्डरसनचं ते इट इज गुड, ती सरकलेली खुर्ची, ती अर्ध्या मिनिटाची खरेदी. तिला बूट बसतोय की नाही याच्याशी तिचं काही देणंघेणंच नव्हतं. समोरची बाई आपल्या पायाशी बसली आहे, ती लवकरात लवकर उठली पाहिजे, एवढंच. आणि जिथे कुणी पायाशी बसत नव्हतं तिथे मी होते, हातात फोन, डोळे घड्याळावर. तिथे ती मला मोकळं करायला मस्त म्हणत होती. बरं, हे मला कळू नये? पुस्तकाला पाय लागला तर मी आजही ऑफिसात पटकन हात कपाळाला लावते. तिच्याच हाताखाली वाढलेय ना मी. वीस वर्षं इथे काढली म्हणून काय एवढं विसरावं?

बाई खालूनच आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मी जमेल तसं सांगितलं की आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पायांना हात लावायचा असतो, उलटं चालत नाही. त्यांनी विचारलं, हिचं वय काय? मी सांगितलं. म्हणाल्या, मी एकोणऐंशी. मग जरा विचार करून, "फेअर इनफ." हात पुढे केला. मी त्यांना उठवलं. त्यांनी खुर्चीत बसून ती लोखंडी पाटी माझ्या हातात दिली आणि बोटाने जमीन दाखवली. या खोलीत सगळ्यांत लहान तू आहेस, म्हणाल्या, बस खाली.

बसले. आईने पाय पुढे केला. मुलीच्या हातात द्यायला तिची काही हरकत नव्हती.

आईच्या पायांना मी किती वेळा हात लावलाय! दर दिवाळीला, परीक्षेला निघताना, दर वेळी मुंबई विमानतळावर. वाकायचं, बोटं टेकवायची, उठायचं. दोन सेकंदांचं काम. बघितले कधीच नव्हते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा लिंबाएवढा गोळा बाहेर आला होता, अंगठा आत वळला होता, आणि दुसरं बोट त्याच्यावर चढून बसलं होतं. करंगळीवर कुरूप, ब्लेडने तासून तासून पिवळं पडलेलं. त्या वर चढलेल्या बोटावर जोडव्यांचा खळगा अजून होता. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती.

"हे कधीपासून?"

"झाली की दहा-बारा वर्षं. तेव्हा यांचं आजारपण चालू होतं. पायांकडे कोण बघतंय."

"आणि गुडघे?"

"गुडघे बरे आहेत. तुम्ही सगळे गुडघे, गुडघे म्हणत होतात, मी म्हटलं, असतील बाई."

मला रडूच फुटलं. हातात ती लोखंडी पाटी, समोर पाय, आणि मी गालिच्यावर बसून रडतेय. मालकीणबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि सूचना चालू ठेवल्या, हे मात्र त्यांनी फार बरं केलं. दोन्ही पाय मोज. उभं करून मोज, दोन्ही पायांवर सारखं वजन. उजवा साडेसहा भरला. डावा साडेसात. दोन्ही रुंद. लग्नातला पाच नंबर कुठल्या कुठे राहिला होता, आणि ही बाई इतकी वर्षं त्यात पाय कोंबून जिने चढत-उतरत होती.

मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं, लहान पायाच्या बुटात आतून सुकतळा घालायचा, असं त्यांनी सांगितलं. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांत एक अंगठाभर जागा हवी. दाबून बघ.

हे दाबणं मला माहीत होतं. जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, आई मला बुटांच्या दुकानात न्यायची. काळे, पट्ट्याचे बूट. ती खाली वाकायची आणि टोकावर अंगठा दाबून विचारायची, लागतं का? एका वर्षी मला चकचकीत बकल असलेलेच हवे होते, म्हणून मी नाही म्हणाले. चार दिवसांनी मी दारातून आत येताना नुसती माझी चाल बघून तिने मला बसवलं, मोजे काढले आणि फोडांवर खोबरेल लावलं. ओरडली नव्हती. मला ते आठवलं आणि पाचव्या जोडाच्या वेळचं माझं ओरडणंही आठवलं.

मी अंगठा दाबला. "लागतं का?"

"नाही."

"आई."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "थोडं."

"कुठे?"

"इथे." आणि मग वाकून तिने स्वतः बोट लावून दाखवलं. "इथे आणि इथेही. आणि टाचेला तर चांगलंच."

सहा खोकी उघडली. मी घालत होते, ती लागतं म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज जरा मोकळा होत होता. सातवा जोड निघाला तो गडद निळा, वर दोन चिकटपट्ट्या, पुढून रुंद, दिसायला अगदी डब्यासारखा. आई म्हणाली, "अगं बाई, हे काय शिपायाचे बूट!" पण उभी राहिली. दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा दारापर्यंत गेली आणि दार उघडून बाहेर पडली. मी मागे धावणार तर मालकीणबाई म्हणाल्या, जाऊ दे तिला. मी दारात उभी राहिले, हातात तिच्या चपला. ती टायरवाल्यावरून पुढे गेली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि येताना जरा भराभर चालत आली. बत्तीस वर्षं वर्गावर्गांतून फिरणारी माझी आई मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

"कुठेच लागत नाहीये ग," ती म्हणाली. डोळे भरले होते. मग ती आत गेली आणि खुर्चीत बसलेल्या बाईंना तिने वाकून नमस्कार केला. पाच वर्षांनी मोठ्या होत्या त्या, यात काही गैर नव्हतं. बाई गोंधळल्या, ओ डिअर, ओ डिअर म्हणत राहिल्या.

पुढचे तीन आठवडे मी सुखात होते, खोटं कशाला सांगू. आई सकाळी निघायची ती तासभर यायची नाही. डेअरी मागे पडली, खालच्या बागेपर्यंत जायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, राहतेय ती. मनातल्या मनात मी तिच्या खोलीला नवे पडदे लावले, कपाट हलवलं. एका शनिवारी साडेआठपर्यंत झोपलेसुद्धा.

त्याच शनिवारी आम्ही ते पाच जोड ऑप शॉपला द्यायला निघालो. ऑप शॉप म्हणजे जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान. आई खोकी पुसून माझ्या हातात देत होती. शेवटचं देताना म्हणाली, "आता तिकीट बघ बाई."

"कसलं तिकीट?"

"माझं. परत जायचं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. "आई, आता तर चालायला लागलीस!"

"म्हणूनच म्हणतेय. आता मला जिने उतरता येतील."

मी खोकं खाली ठेवलं. "म्हणजे मी तुला इथे राहायला बूट आणले की परत जायला? पाच-पाच शनिवार मी मर-मर मरतेय ते यासाठी?"

"ओरडू नको."

"ओरडेन! तू म्हणाली होतीस..."

"मी बघू म्हटलं होतं," आई म्हणाली. ती माझ्या गाडीच्या उघड्या डिकीत, खोक्यांच्या शेजारी बसली. "ऐक. इथे तुम्ही सगळे चांगले आहात. पोरगी गुणाची आहे. पण इथे मी चालते म्हणजे काय करते? जाते आणि परत येते. वाटेत कुणी भेटलं तर गुड मॉर्निंग. तिथे खाली उतरले की दळण आहे, बँक आहे, भाजीवाल्याशी भांडण आहे. शाळेतल्या बायका मंगळवारी बागेत जमतात, दोन वर्षं गेले नाही मी. तिथे चाललं की कुठेतरी पोचते ग मी."

मी एवढंच म्हटलं, "आणि मी?"

तिने माझा हात धरला. "तू दमलीयस. मला दिसतंय. पण मी इथे खिडकीत बसून तुझा शीण थोडाच जाणार आहे?"

तिकीट जुलैचं मिळालं. व्हीलचेअर मी आधीच मागून ठेवली होती, आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मागतात तशी, म्हणजे मधल्या विमानतळावर वाट चुकायला नको. खुर्ची आली. आईने तिच्यावर आपली हॅन्डबॅग ठेवली, वर माझं जुनं जॅकेट ठेवलं, आणि म्हणाली, चला. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शी वॉन्ट्स टू वॉक.

मुलगी आजीच्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, लवकर ये." आई म्हणाली, "बघू." मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं.

मग मी नमस्काराला वाकले. या वेळी दोन सेकंदांत उठले नाही. लोक बॅगा घेऊन आजूबाजूने जात होते. त्या निळ्या, डब्यासारख्या बुटाच्या टोकावर मी अंगठा दाबला. आधी उजवा, मग डावा. जागा होती, बरोबर अंगठाभर.

"लागतं का?" मी खालूनच विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "खरंच नाही. ऊठ आता."

खरंच लागत नव्हतं, माझ्या अंगठ्याखाली मला ते कळत होतं. मी उठले, आणि ती आत चालत गेली, अजिबात न लंगडता.